बुधवारपासून गेलेली मांजर

डोळ्यांत थेंब घालून व्यंगचित्रकार दवाखान्याच्या बाकावर बसला होता. समोरचं सगळं जग धुक्यात विरघळलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचे आवाज तेवढे त्यातून तरंगत येत होते.

“अगं, आजच्या पेपरातल्या चित्रात आली का मांजर?”

“नाही हो. आजही खिडकी रिकामीच.”

“मंगळवारी शेपटी तरी दिसत होती. बुधवारपासून पत्ताच नाही!”

“गेली असेल पाय मोकळे करायला.”

“उद्याचा पेपर बघूनच मी ऑपरेशनला येणार.”

“डॉक्टर थांबतायत तुमच्या मांजरीसाठी!”

“नंतर डोळ्यांवर पट्टी बांधतील. तिची काळजी करत अंधारात पडून राहू?”

“अहो, कागदावरची मांजर ती.”

“मग तू रोज आधी खिडकीच का बघतेस?”

“बघते खरी... वाटेत कुणीतरी भेटलं असेल हो तिला.”

व्यंगचित्रकार चपापला. बुधवारी घाईत मांजर काढायची राहून गेली होती, आणि कुणाच्या लक्षात येतंय म्हणून त्याने पुढेही ती काढली नव्हती.

जाताजाता छापखान्यात द्यायचं उद्याचं चित्र त्याने पिशवीतून काढलं. वाळलेल्या शाईवरून बोट फिरवत खिडकी चाचपली आणि तिथे मांजर काढली. उमटली की नाही ते काही दिसेना, म्हणून शेजारी आणखी एक काढली.

त्याला आत न्यायला आलेली नर्स कागदावर वाकली.

“अहो काका, एका खिडकीत दोन मांजरी?”

“हळू बोला, सिस्टर. वाटेत कुणीतरी भेटलं तिला.”