नवसाचा गोल

रंगुबाई : …म्हणून म्हंते, मला वडापनं जाऊ दिलं असतं तर आत्तापातूर पेठनाका मागं पडला असता.

अर्जुना : वडापनं! बारा मानसांच्या मांडीवर बसून जानार हुतीस कोल्हापूरला? म्होरं उसाची ट्रॉली हाय, दिसंना का? तिच्यावरनं उडी मारू?

रंगुबाई : चारला मॅच सुरू हुतीया.

अर्जुना : मला काय करायचंय मॅचशी? मी आज डायवर. तुला स्टेडियमच्या दारात सोडनार आन् गाडीत झोपनार. सीधी बात.

रंगुबाई : पोटचं पोरगं फायनल खेळतंय आन् बाप गाडीत झोपनार! वा रं बाप!

अर्जुना : आन् पोटचं पोरगं भरतीच्या दिवशी घरात न सांगता बॉल खेळाय गेलं, तवा बाप कुटं हुता? साताऱ्याच्या ग्राउंडच्या गेटावर हुबा. सकाळधरनं. माझा आजा फौजंत, बाप फौजंत, मी हवालदार हून पेन्शनीत आलो. आन् ह्यो आमचा यशराज, मोजं घालून बॉल धरतोय!

रंगुबाई : म्हणून दिवाळीपास्नं अबोला? एका पंगतीला बसून मला म्हंता, "त्याला सांग, मीठ दे." मी बायकू हाय का पोस्टाची पेटी? उद्या सकाळी त्यो गोव्याला चाललाय. तितल्या टीमनं बलवलंय, वरीसभर तोंड दिसायचं न्हाई. आज बोलला न्हाईसा तर मग बसा भित्तीशी बोलत.

अर्जुना : आत्ता तरी काय येगळं करतोय?

रंगुबाई : जिभंला हाड न्हाई तुमच्या! बोला, बोला. मी माझं काम केलंय. गेल्या रयवारी म्हसवडला केरबादादाकडं गेलते, तवा सिद्धनाथाला नवस बोलून आले. पाच नारळाचं तोरन.

अर्जुना : फुटबॉलला नवस? बोललीस तरी काय?

रंगुबाई : काय बोलनार? देवा, माझ्या यशाच्या जाळीत गोल पडू दे म्हनले. जास्त न्हाई, एक तरी पडू दे.

अर्जुना : कुनाच्या जाळीत?

रंगुबाई : यशाच्या! त्या जाळीम्होरंच हुबा असतोय न्हवं का त्यो? फोटू बगितलाय मी.

अर्जुना : आगं ए भवाने!

रंगुबाई : आवं! बिरेक कशाला मारला? टकुरं आपटलं की माझं!

अर्जुना : गोलकीपर हाय त्यो! जाळीत गोल पडू द्यायचा न्हाई हीच त्याची डूटी! त्याच्या जाळीत पडला तर आपुन हारलो!

रंगुबाई : असं कसं? आपल्या पाटीत पडंल ते आपलं. लोकाच्या पाटीत टाकून आपलं कसं हुईल?

अर्जुना : ही काय कांद्याची काढनी हाय? आगं, पोस्टवरचा संत्री हाय त्यो. दुश्मन आत शिरला की खेळ खलास. आन् तू देवाला सांगून आलीस, दुश्मन आत येऊ दे, जास्त न्हाई, एक तरी!

रंगुबाई : आगं बया बया! आता गं काय करू?

अर्जुना : ऱ्हाऊ दे. देवाला भाव कळतोय, शब्द न्हाई बगत त्यो.

रंगुबाई : नाथ लय कडक हाय. बोलंल तेच देतोय. तुमच्या भनीनं, हरणाबाईनं सुनंसाठी नवस बोलला न्हवता का, घरात पाळना हलू दे म्हणून? हलला की! माडीवर भाड्यानं ऱ्हाती त्या मास्तरनीचा!

अर्जुना : मग काय, गाडी फिरवू म्हसवडला?

रंगुबाई : फिरवा.

अर्जुना : येडी का खुळी? मॅच सुटंल की!

रंगुबाई : तुमाला काय करायचंय मॅचशी?

अर्जुना : …फोन लाव केरबाला.

रंगुबाई : हॅलो, केरबादादा? आरं, हातातलं काम टाक आन् पळत देवळात जा. न्हाई, न्हाई, मेलं न्हाई कुनी. नवस चुकलाय. व्हय, चुकतोय की, मानूसच हाय मी! नाथाला सांग, रंगी म्हंती यशाच्या जाळीतला गोल रद्द. म्होरल्या जाळीत पाड म्हनावं. काय? च्या मागनं पी!

अर्जुना : डावी बाजू सांग त्याला. खालनं बॉल आला की यशा उडी उशिरा टाकतोय. तेवढी बाजू देवानं सांभाळावी.

रंगुबाई : तुमाला कसं ठावं?

अर्जुना : मोबाइलवर येतंय. आपुआप.

रंगुबाई : आन् तुमी बगता बी आपुआप?

अर्जुना : काच वर घे. धूळ येतीया.

(येताना. तीच गाडी, कराड नुकतंच मागं पडलंय. मागच्या सीटवर यशराज.)

यशराज : आये, आण्णांना इचार, आवाज कशानं बसला त्यांचा?

रंगुबाई : आवं, त्यो इचारतोय…

अर्जुना : आयकलं. त्याला सांग, स्टेडियमात धूळ लय हुती.

रंगुबाई : धूळ! यशा, गाडीत झोपनारं मानूस माझ्या आदी तिकीट काढून आत. आन् बसलं कुटं? तुमच्या इरोधातल्या गॅलरीत! सगळीकडं त्यांची पोरं, आन् मदी ह्ये एकटं हुबं ऱ्हाऊन वरडाय लागलं, "यशा, डावीकडं! यशा, डावीकडं!" मला तर धरनी पोटात घील तर बरं, असं झालं.

यशराज : ते खरंच आण्णा हुतं? आदी वाटलं, ती पोरं चेष्टा करत्यात माझी.

अर्जुना : त्याला इचार, पेनल्टी डावीकडंच आली का न्हाई?

यशराज : आये, त्यांना सांग, आली. आन् घरातला आवाज वाटला म्हणूनच मी तिकडं पडलो.

रंगुबाई : आयकलं का? धरली की न्हाई त्यानं? पर आदीचा गोल बसला, त्यो माझा रं बाबा. म्याच घातला.

यशराज : तू?

रंगुबाई : नाथाला बोलले हुते, तुझ्या जाळीत गोल पडू दे. मला काय ठावं, तुजं काम उलटं हाय! ह्यांनी सांगितल्यावर दादाला देवळात धाडला. तर केरब्या च्या पिऊन गेला! त्यो पोचायच्या आदीच बसला गोल.

यशराज : आये! तू आमच्या टीमात हाईस का त्यांच्या?

रंगुबाई : आन् गेला त्यो गेला, निम्मंच बोलला. "पयलं रद्द" म्हनला, आन् म्होरल्या जाळीचं इसरला. म्हणून मग तुझ्यात बी पडंना आन् त्यांच्यात बी पडंना.

अर्जुना : एक शून्यानं हारलो. देवाचा हिशेब चोख. तोरन बांधावं लागंल.

रंगुबाई : हसू नगासा. मी झोपले आता. तुमी दोघं बगून घ्या.

अर्जुना : रंगे, त्याला इचार, उद्या कवा निघनार?

यशराज : आये झोपली.

अर्जुना : डोळं मिटल्यात नुसतं.

रंगुबाई : झोपलीया!

यशराज : …सातला हाय बस. कराडातनं.

अर्जुना : बरं. त्याला सांग… मंजी…

यशराज : मलाच सांगा की, आण्णा.

अर्जुना : काय सांगू? तू सांगाय पायजे हुतंस. भरतीच्या दिवशी फोन लागंना तुझा. वाटलं, हायवेला पोराचं काय बरंवाईट झालं का काय.

यशराज : चुकलं, आण्णा. भ्यालो हुतो.

अर्जुना : कुनाला?

यशराज : तुमाला.

अर्जुना : अंगावर येनाऱ्या गड्याच्या पायात तोंड घालतोस, आन् मला भ्यालास?

यशराज : त्यो गडी काय रोज म्होरं जेवाय बसत न्हाई.

अर्जुना : हां… राग हाय आजून माझा. खोटं बोलत न्हाई. पर ती पेनल्टी धरलीस तवा छाती फुगली बग. शेजारच्या पोराला म्हनलं, माजा हाय त्यो.

यशराज : काय म्हनला त्यो?

अर्जुना : म्हनला, "काका, मग हितं कशाला बसलाय?"

यशराज : मारलं न्हाई नशीब!

अर्जुना : न्हाई, वडापाव दिला. चांगली हाईत रं पोरं. मला सांग, उडी टाकायच्या आदी बगतोस काय? बॉल का त्याचं डोळं?

यशराज : डोळं न्हाई, डोळं फसवत्यात. टेकलेला पाय बगायचा. त्याचा चवडा जिकडं वळतोय, तिकडं… आण्णा, आपलं गाव मागं गेलं की, उंब्रज!

अर्जुना : जाऊ दे. तू बोल.