बर्फ कोणाचा? दौलेतचा!

...अहो, अठरा अंश! बर्फावर! तुम्हाला सांगतो, आमच्या त्या बंदिस्त स्टेडियममध्ये सोमवारी कुस्ती, बुधवारी ट्रॅक्टरचं प्रदर्शन, शुक्रवारी गाणं, शनिवारी हॉकी... पण खालचा बर्फ तोच, माझ्या हातचा! गाणं असलं की त्यावर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर खुर्च्या, खुर्च्यांवर चार हजार माणसं, आणि काही बिघडलं की सगळं कारागांडा शहर विचारणार... बर्फ कोणाचा? दौलेतचा!

तर शुक्रवारी संध्याकाळी गुलझिराबाईंचं गाणं, आणि शनिवारी सकाळी दहाला मुलींच्या हॉकीची फायनल! त्यात माझी अक्नियेत गोलकीपर. चौदा वर्षांची पोर, आठवडाभर पायाला पॅड बांधून जेवली हो! "बाबा, या वेळी तरी बघायला येणार ना?" म्हटलं, अगं, मी तिथेच नोकरीला, जाणार कुठे?

आल्या गुलझिराबाई. अंगात फरचा कोट, गळ्याला दोन शाली. "मला गारठवून मारताय का? आवाज बसला तर?" लगेच आमचे स्टेडियमचे मॅनेजर, येर्केबुलान साहेब, "दौलेत, हीटर लाव!"

"साहेब, खाली बर्फ आहे."

"वर पाहुण्या आहेत!"

"उद्या फायनल आहे, साहेब..."

"उद्याचं उद्या!" बरोबर आहे, उद्या त्यांना सुट्टी!

बारा केलं, बाई कुडकुडल्या. पंधरा केलं, शिंकल्या. अठरा केलं तेव्हा कोट काढला, आणि ओरडल्या काय? "उठा! नाचा!" चार हजार माणसं, जाडजूड बूट, धप धप धप! पहिल्या रांगेत कोण? माझी सख्खी आई! वय वर्षं एक्काहत्तर! मी कडेने हात हलवतोय, "आई, बस गं, खाली बस!" तिला वाटलं मीही नाचतोय... तिने अख्खी रांग उठवली!

सकाळी फळ्या उचलल्या. तळं! तमाराबाई, पोरींच्या प्रशिक्षक, काठावर उभ्या. "हे काय? पोहण्याची स्पर्धा आहे का?" साहेबांचा घरून फोन, "बर्फ कोणाचा?" कोणाचा म्हणजे? दौलेतचा!

बर्फ गोठवायचं यंत्र कितीही चालवलं तरी संध्याकाळ होणार, आणि पाहुण्या संघाची परतीची बस दोनला. मग तमाराबाईंनी काय केलं, पोरी घेतल्या आणि चालल्या शेजारच्या बसडेपोमागच्या गोठलेल्या तळ्यावर. उणे बावीस! सगळे प्रेक्षक मागोमाग, माझी आईसुद्धा! मीही टोपी घातली, तोच पुन्हा साहेबांचा फोन, "कुठे निघालास? पाणी कोण काढणार?"

काढलं. काठाला रचलेल्या चार हजार रिकाम्या खुर्च्या, मी आणि माझं फडकं. आणि भिंतीपलीकडून आरडाओरडा... प्रत्येक वेळी मी पाण्यात उभा, कान टवकारून. गोल झाला की माझ्या पोरीने अडवला? कळणार कसं हो? दोन्हीकडची माणसं सारखीच ओरडतात!

दुपारी आली. गाल लालबुंद, गळ्यात पदक. दोन-एकने जिंकल्या, शेवटचा फटका हिने गुडघ्याने अडवला! तशाच ओल्या कपड्यांनी तिला कवटाळलं. म्हटलं, "चुकलं गं माझं."

ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? रागावू नका हं. तिथला बर्फ ना, तुमच्यापेक्षा छान होता."

"असं? कोण करतं तिथला?"

"कोणीच नाही, बाबा. आपोआप होतो."

बावीस वर्षं झाली हो मला या नोकरीत!