गिअरबॉक्सवरची पिवळी रेघ

आमचे वडील नागपूरचे, तिथे सरकारी ऑफिसात कारकून होते, मग छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा ऑफिसच उठून भोपाळला आलं आणि त्याच्या मागे मागे वडील, आई आणि आईच्या पोटात मी. म्हणजे जन्म इथला, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आता दोन्हीची खिचडी झाली आहे, तुम्ही लिहिताना ती निवडत बसू नका, जसं बोलतो तसं लिहा. तो मोबाईल रेकॉर्ड करून राहिला ना? बघू जरा. हां, ठीक आहे. राग मानू नका, सवय आहे.

सवय कारखान्याची. आयटीआय झालो आणि सरकारी कारखान्यात लागलो, टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं, आणि सगळी नोकरी इन्स्पेक्शनला गेली. इन्स्पेक्शन म्हणजे काय, तर दुसऱ्याने केलं म्हटलं की विश्वास ठेवायचा नाही, जाऊन बघायचं. फिटर सांगायचा, बोल्ट घट्ट कसलाय, साहेब. मी पाना लावून बघणार, आणि मगच त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढणार, अर्धी बोल्टवर, अर्धी मशीनच्या अंगावर. नंतर कुणी बोल्टला हात लावला की रेघ तुटते, लांबूनही कळतं. साधी गोष्ट आहे पण काय सांगू तुम्हाला, या रेघेने मला जगायला शिकवलं. स्कूटरच्या कार्बोरेटरवर रेघ, गॅसच्या शेगडीवर रेघ, कूलरच्या पंपावरसुद्धा. आमची ही म्हणायची, अहो, मलाही एक ओढून ठेवा.

आणि टाउनशिपमध्ये मेकॅनिककडे कोण जातं? रविवारी सकाळी प्रत्येक क्वार्टरसमोर एक स्कूटर उघडून पडलेली, शेजारी फिटर, समोर वेल्डर, चहा पीत पीत इंजिन बांधून मोकळे. टाउनशिपच्या माणसाने गाडी वर्कशॉपला देणं म्हणजे घरी बायको रांधत असताना खानावळीत जेवणं. त्यामुळे वर्कशॉप या जातीवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही.

रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, भोपाळच्या कडेला मिसरोदला घर घेतलं. डावा गुडघा गेला होता, क्लच दाबवेना, म्हणून ऑटोमॅटिक गाडी घ्यायची ठरली. गाडी माझ्या हौसेची नव्हती हो. हिची मोठी बहीण, कुसुमताई, अरेरा कॉलोनीत असते, तिला अर्धांगवायू झाला, अंथरुणाला खिळली, बोलणंही जवळजवळ गेलं. दर गुरुवारी आमची ही मऊ भात आणि कढी डब्यात घेऊन जाते, आपल्या हाताने भरवते, इतर दिवशी ताई आयाच्या हातून जेमतेम दोन घास घेते. आणि हिच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, ऑटोरिक्षात धक्के बसले की पाठ धरते. म्हणजे गाडी आहे तर गुरुवार आहे, असा हिशेब.

शोरूमला ही होती आणि आमचे जावई बरोबर होते, नितीनराव, शाहपुऱ्यात राहतात. गाडी ठरली, तर तो सेल्समन म्हणतो, अंकल, एक्सटेंडेड वॉरंटी ले लीजिए, कंपनीची संपली की ही सुरू, सब कवर होता है. सब म्हणजे काय? मी म्हटलं कागद दाखव. तिथेच बसून वाचला, चष्मा पुसून पुसून. इंजिन आत, गिअरबॉक्स आत, स्टिअरिंग आत. ब्रेकचे पॅड बाहेर, टायर, बॅटरी, वायपर, रबरी सामान सगळं बाहेर, तेल बाहेर, पाण्यात गेली तर बाहेर, ठोकली तर बाहेर, सर्व्हिस वेळेवर त्यांच्याकडे केली नाही तर बाहेर, आणि दुसऱ्या कुणी उघडली असेल तर तो पार्ट बाहेर. मी म्हटलं, वा! जे मोडतं ते बाहेर आणि जे मोडत नाही ते आत!

नितीनराव म्हणाले, बाबा घ्या, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स गेला ना, तर दुरुस्तीचा आकडा ऐकून खुर्ची लागेल. मला वाटलं, याला एवढी घाई का? आणि तेवढ्यात तो सेल्समन याला म्हणतो, नितीन भैया, चाय लेंगे? नावाने ओळखतो! मी मनात म्हटलं, आलं लक्षात, जावईबापूंचं कमिशन आहे. पण ही म्हणाली घ्या, म्हणून घेतली. तोंडाने बोललो नाही पण ती गाठ मनात बसली, आणि दर रविवारी ते जेवायला आले की मी त्यांना बोल्ट आणि रेघेच्या गोष्टी ऐकवायचो, मुद्दाम, म्हणजे समजावं की हा सासरा बघणारा आहे. बिचारे मान डोलवत भात कालवायचे.

आता सर्व्हिस त्यांच्याकडेच करणं भाग, म्हणजे नवे पार्ट काढून जुने घालायला त्यांना मोकळं रान. म्हणून पहिल्या सर्व्हिसच्या आधीच मी खाली चटई टाकून, दांडीचा आरसा घालून, हाताला लागेल त्या प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ ओढली. गिअरबॉक्सवर तर ओळीने. नितीनराव बघत होते, म्हणाले, बाबा, रंग नका लावू, उद्या वर्कशॉपवाले यावरूनच काहीतरी काढतील. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं!

कंपनीची वॉरंटी संपली, ही दुसरी सुरू झाली, आणि एका गुरुवारी होशंगाबाद रोडवर सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. इंजिन ओरडतंय, चाक जागेवर. मागे हॉर्न, शेजारी ही, मांडीवर डबा. गाडी ओढून वर्कशॉपला नेली. दुसऱ्या दिवशी तिथला माणूस मला लिफ्टखाली नेतो आणि बोट दाखवतो, अंकल, ये तो बाहर खुला हुआ है, देखिए, किसी ने पेंट मार्क लगाया है, क्लेम नहीं बनेगा. अरे, मी म्हटलं, उघडलं नाही हे कळावं म्हणूनच तर लावलाय! मी ओरडलो, तो हसला, मी आणखी ओरडलो, तो आत निघून गेला.

गाडी तिथेच उभी. पुढच्या गुरुवारी ही ऑटोने गेली आणि आली ती भिंत धरत, पलंगावरून उठेना. त्याच्या पुढच्या गुरुवारी फोन केला, तिकडे आयाने ताईच्या कानाला धरला, आणि ही इकडून म्हणते, ताई, कढी केली आहे गं, खातेस ना, एक घास, आ कर. फोनवर भरवून राहिली होती हो! मी दाराबाहेर उभा होतो. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी जेवलो नाही. वाटलं, माझ्या रेघांनी तिकडे म्हातारीचा घास तुटला.

शनिवारी नितीनराव आले, कागद मागितला, पुरता वाचला, म्हणाले, चला बाबा, पण तुम्ही बोलायचं नाही. वर्कशॉपच्या मॅनेजरला म्हणाले, गाडी ऊपर लीजिए. आणि त्या लिफ्टखाली उभा राहून हा माणूस काय बोलला! ये लाइन आधी बोल्ट पर है, आधी बॉडी पर, बोल्ट घूमता तो लाइन टूटती, एक भी टूटी हो तो दिखाइए, आपके कागज में लिखा है खोला हो तो, रंग लगाया हो तो नहीं लिखा. अहो, शब्द न शब्द माझे! रविवारी भात कालवताना सगळं ऐकत होते! मी खांबाला धरून उभा राहिलो, डोळे भरून आले, काय लपवायचं.

पुढेही चकरा झाल्या, वॉरंटी कंपनीचा माणूस आला, फोटो काढून नेले, पण क्लेम मंजूर झाला. पार्ट त्यांचे, मजुरी त्यांची. तेल मात्र आपलं, ते कागदात बाहेर होतंच. परत येताना मी विचारलं, नितीनराव, खरं सांगा, कमिशन होतं का? ते हसायला लागले, म्हणाले, बाबा, कमिशन असतं तर तेलाचे पैसे मी नसते का भरले? तो सेल्समन ओळखीचा कारण माझी गाडी त्याच्याकडून घेतली, आणि ही वॉरंटी मीही घेतली आहे. मग म्हणाले, आईंचा गुरुवार चुकला नाही पाहिजे.

आता गंमत ऐका. गाडी घरी आली, मी आरसा घालून बघतो, तर गिअरबॉक्सच्या प्रत्येक बोल्टवर लाल रेघ! वर्कशॉपवाल्यांनी ओढलेली. म्हणजे आता त्यांना माझ्यावर संशय!

तेव्हापासून दर गुरुवारी निघण्याआधी मी वाकून त्या लाल रेघा बघतो. गेल्या गुरुवारी गुडघा ठणकत होता, बाहेर येतो तर ही एका हातात डबा, एका हातात माझा आरसा घेऊन गाडीपाशी उभी. म्हणाली, मी बघितल्या, सगळ्या शाबूत आहेत, चला, कढी निवते. मी आरशाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिच्या पाठीला वाकता येत नाही, मला माहीत आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याने बघितलं म्हटल्यावर, मी न बघता गाडीत बसलो. देव तिला आणि त्या जावयाला उदंड आयुष्य देवो. आता तो मोबाईल बंद करा. केला? बरं, केला म्हणता तर केलाच असेल.