माणूस बघून हातमोजे

—काढ ते हातमोजे. आधी काढ, मग माझ्या दंडाला हात लाव. या वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे मी, आणि काल-परवा आलेली पोरगी माझं रक्त घ्यायला रबर चढवून येते — मला काय रस्त्यावरून उचलून आणलंय? सगळ्यांसाठीच घालायचे असतात म्हणे. शिकवलं असेल तुला, लांब कुठे शिकून आलीस तिथं. इथं आम्ही माणूस बघून घालतो. लांब पल्ल्याचा ट्रकवाला आला — घालते. दंडभर गोंदलेला, डोळे तारवटलेले — एकावर एक दोन घालते. पण चांगल्या घरचं माणूस समोर बसलं, तर त्याच्या तोंडावर हातमोजे चढवायचे? म्हणजे तुमचा भरवसा नाही असंच सांगायचं ना त्याला? पारख लागते, बाई. ती कॉलेजात मिळत नाही.

आणि एवढं आकांडतांडव कशासाठी? टोचली सुई. सकाळी मास्तरांचं रक्त घेतलं, टोपण परत बसवताना गेली बोटात — नळाखाली धरलं, संपलं. तू बघितलंस म्हणून, नाहीतर कुणाला पत्ता लागला नसता. म्हणे तपासणी करा, आजच्या आज एड्सच्या गोळ्या सुरू करा — आणि घरी काय सांगू? नवरा विचारेल कसल्या गोळ्या, जाऊ तर डबीच उघडून बघेल. माझ्या हातचं पाणी पिणार नाही ती उद्यापासून. मला माहीत आहे ना — मीसुद्धा प्यायले नसते.

तेही कुणाच्या पायी? मास्तरांच्या! माझी दोन्ही मुलं त्यांच्या हाताखाली शिकली. धुतल्या तांदळासारखा माणूस. उलट सुई घेतली तेव्हा तेच म्हणाले, सिस्टर, हातमोजे घाला ना. इतका सभ्य. मला हसूच आलं — म्हटलं, मास्तर, तुमच्यापासून कसली भीती? तर पुन्हा म्हणाले, अगदी हळू, शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये असं — "घाला. माझं ऐका." मी आपला त्यांच्या दंडाला पट्टा आवळला. त्यांनी मान खाली घातली, आणि —

काय बघतेस? मान खाली घातली, एवढंच. काही लोकांना रक्त बघवत नाही.

नाही ना बघवत?

त्या गोळ्या कशाला पुढे सरकवतेस?

...जा तू. बाहेर जा म्हटलं ना. ट्रे नको उचलूस — राहू दे तो इथंच. गोळ्याही. जा.