पडद्यावरचे आबा

कॉम्प्युटरचं नाव काढलंस म्हणून सांगतो. आमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकायला वडवणीहून मेकॅनिक आलता. त्यानं आधीच इचारलं, “सी ड्राइव्हमदी ठिवण्यासारखं काय हाय का? समदं उडणार बगा.”

थोरला भाऊ म्हणला, “न्हाई. कामाचं समदं डीमदी हाय. टाक बिनधास्त.”

आमचे वडील, आबा, जन्मभर मेंढरांमागं रानोमाळ फिरले. ते गेल्यावर एकच फोटो सापडला, एका लग्नातला, पाव्हण्याच्या मोबाइलात; तो मोबाइलबी पुढं बिघडला. तो भावानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावलता. आई रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करायला लावायची आन आबांच्या कपाळावर, म्हंजी काचेवर, गंध लावायची. तो फोटोबी सी ड्राइव्हमदीच असंल, हे कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई. आमच्यासाठी तो देवघरातला फोटो होता.

दुसऱ्या दिवशी पडदा नुसता निळा. कालचं गंध मात्र काचेवर तसंच.

आईनं इचारलं, “हे कुठं गेले?”

भाऊ खाली बघत म्हणला, “फोटो उडाला, आये. आता परत येत न्हाई.”

आईनं गंधाचं बोट पदराला पुसलं.

“मेंढरं घिऊन जायाचे तवा सांगून तरी जायाचे,” म्हणली.