आजींचं रीळ मी धुतलं

मी मूळची गुहागरकडची. मालक बोटीवर होते, ते वारले, पदरात दोन मुली, म्हणून भावाच्या ओळखीनं अबूधाबीला आले, नव्वद-एक्याण्णव साल असेल. इटालियन साहेबांच्या घरी लागले. साहेब लांब रुवैसला रिफायनरीत, सुट्टीचे गुरुवार-शुक्रवार तेवढे घरी. बाकी दिवस त्यांची आजी, नव्वदीच्या पुढची, आणि मी. काय सांगू ताई तुम्हाला, मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही, इंग्रजी दोघींचं मोडकं, तरी दिवसभर आमच्या गप्पा.

कारण आजी सगळं करूनच दाखवायची. सिनेमात होती ना ती, तिकडे, सिनेमा मुका होता तेव्हा. सोळाव्या वर्षी टोप्या शिवायच्या कारखान्यात होती, तिथून कुणीतरी नेली, तोंडाला पांढरी पावडर फासून उभी केली. त्या दिव्यांनी डोळे सुजायचे म्हणे, मग बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायची. जिन्यावरून पडायची, विष प्यायची, पडदा धरून रडायची, असली कामं. मी भाजी निवडत बसले की समोर खुर्चीत बसल्या बसल्या विष पिऊन मरायची, आणि एक डोळा उघडून बघायची, मी रडते का. रडायचे हो मी! वीस-बावीस सिनेमे केले, मग लग्न झालं, नवरा म्हणाला बस झालं, खलास. बाकीचे सिनेमे कुठे जळाले, कुठे हरवले, एकच रीळ उरलं, पत्र्याच्या डब्यात. ते खिडकीशी धरून तिनं मला दाखवलं होतं. नखाएवढ्या चौकटीत ती, केस मोकळे, हातात पत्र. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

साहेबांनी पत्रं लिहून लिहून तिकडच्या जुन्या सिनेमांच्या संग्रहालयातला माणूस बोलावला. तो रीळ नेणार, परत पडद्यावर दाखवणार. आजी रोज विचारायची, आज वार कुठला.

आणि नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातला एकूण एक डबा घासायचा, मी परक्या घरातसुद्धा ते चुकवत नसे. आजी दुपारची झोपलेली. तो डबा उघडला तर उग्र वास, फिल्म चिकट, वर पिवळट थर. मला वाटलं, पाहुणा येणार आणि माझ्या हाताखालच्या घरातली ही घाण त्याच्या हातात द्यायची? खरं सांगते, मला शाबासकी हवी होती. टबात साबणाची पावडर टाकली, नळ सोडला. इथं टाकी गच्चीवर, सप्टेंबरात थंड नळालाही कढत पाणी येतं. फिल्म सोडली, बोटांनी चोळली, आणि पाणी काळं व्हायला लागलं. मी आणखी चोळली, मला वाटलं मळ जातोय. बाहेर काढून उजेडात धरली तर काचेसारखी कोरी. आजी कुठे नाही, केस नाहीत, पत्र नाही. सगळी मोरीतून गेली.

मी काय केलं? पुसली, गुंडाळली, डब्यात घातली, डबा होता तिथं ठेवला. लाज वाटते सांगायला. नऊ दिवस दिवा लावला आणि एक शब्द बोलले नाही.

पाहुणा आला, डबा उघडला, साहेबांचा चेहरा उतरला. हे कुणी उघडलं, म्हणाले. आजीनं फिल्म हातात घेतली, नाकाशी नेली. साबणाचा वास होता फिल्मला. माझ्याकडे बघितलं, सरळ, आणि मग कपाळावर हात नेऊन डोळे मिटले, सिनेमात करायची तसेच, मोडक्या इंग्रजीत म्हणाली, म्हातारी झाली रे, माझ्यासारखी, इथल्या उन्हानं गेली. साहेबांनी मानलं. मी तिथंच उभी, कॉफी ओतत होते.

त्यानंतर तिनं मला काही करून दाखवलं नाही. रागावलीही नाही. मी भाजी निवडायची, ती खिडकीबाहेर बघायची. फेब्रुवारीत गेली.

आता शारजाला एका मराठी बाईंच्या डब्याच्या धंद्यात पोळ्या लाटते. साहेबांनी चिठ्ठी दिली होती, आजीच्या वस्तू हिनं जिवापाड जपल्या म्हणून, त्यावरच हे काम मिळालं. मुली मार्गी लागल्या, माझं काही वाईट झालं नाही, देवानं आजीला सुखात ठेवावं. पण सॉरी म्हणायला कितीसं इंग्रजी लागतं, ताई? तेवढं मला तेव्हाही येत होतं.