छत बसलं, पण...

बायको : बसलंय की छान गाडीचं छत! मग एवढ्या हाका कशाला मारत होतात?

नवरा : छान ना? हात फिरवून बघ. एक सुरकुती लागते का? नव्या कोऱ्या चादरीसारखं ताणलंय कापड.

बायको : नाही हो, खरंच सुरेख झालंय. या बाहेर, चहा ठेवते.

नवरा : तेच तर.

बायको : काय तेच?

नवरा : बाहेर कुठून येऊ?

बायको : कुठून म्हणजे? दारातून... अगंबाई!

नवरा : हं. पडला उजेड? तुझ्या डोक्यात लवकर पडला. मी मघापासून चाचपडतोय.

बायको : अहो, दारं तर तुम्हीच वेल्डिंग करून घेतलीत.

नवरा : मुलं लहान होती तेव्हा. बिजागऱ्या गंजून दार हातात आलं, म्हणून दोन्हीकडची कायमची बंद केली. तेव्हापासून आपलं सगळं घर या गाडीत वरूनच उतरतंय. आजही मी तसाच टुणकन उडी मारून आत आलो, छत ओढलं, आतून खटके लावले, स्वतःचीच पाठ थोपटली आणि उतरायला उठलो. डोकं छताला आपटलं, तेव्हा कळलं.

बायको : होतं असं. इतकी वर्षं बिनछपराची गाडी, दाराची आठवण कुणाला राहणार?

नवरा : तू माझी बाजू घेऊ नकोस. त्यानं जास्त लाज वाटते.

बायको : बरं, खिडकीतून या.

नवरा : तेही करून झालं. डोकं गेलं, खांदे गेले, पोट म्हणालं, तुम्ही व्हा पुढे.

बायको : मग खटके काढा आणि छत टाका मागे. दुमडतं ना ते?

नवरा : दुमडतं. पण पुढच्या कडेला कापड चिकटवायचं सोल्यूशन अजून ओलं आहे. आत्ता दुमडलं तर कापड सरकेल, आणि मग पडलेली सुरकुती जन्मात जायची नाही. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही त्याला.

बायको : आणि तोपर्यंत बाथरूमला जायचं झालं तर?

नवरा : हा विचार मी अजून मनात आणला नव्हता. तू आणलास. आता तो जायचा नाही.

बायको : थांबा, शेजारच्यांना बोलावते.

नवरा : नको! पाया पडतो तुझ्या. गेल्या रविवारी तासभर उभं करून छत कसं बसवायचं ते शिकवलंय मी त्यांना. 'हे येरागबाळ्याचं काम नाही' असंही म्हणालो. याच तोंडानं.

बायको : पोट दुखायला लागलं हो माझं हसून!

नवरा : हस. तुला असं हसताना बघून किती दिवस झाले. त्यासाठी मी इथे मुक्काम करायलाही तयार आहे.

बायको : मुक्काम तर तुमचा इथेच असतो. खरं सांगू? माझं कानाचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही या गॅरेजमध्ये शिरलात ते शिरलातच. जेवायलासुद्धा हाका माराव्या लागतात. मला वाटलं, मी गाडीत बसायचं सोडलं, तर तुम्ही माझ्याजवळ बसायचं सोडलंत.

नवरा : असं वाटलं तुला?

बायको : वाटणार नाही? फार वाईट वाटलं. बोलले नाही इतकंच.

नवरा : अगं वेडे, डॉक्टर काय म्हणाले होते? यापुढे कानाला वारा लागू द्यायचा नाही. घरी येताना तू म्हणालीस, संपलं आपलं भटकणं. मी दुसऱ्याच दिवशी छत मागवलं.

बायको : माझ्यासाठी?

नवरा : मग काय माझ्या टकलासाठी? तुला शेजारी बसवून, गाडी सुरू करून मगच सांगायचं ठरवलं होतं.

बायको : अहो...

नवरा : काय?

बायको : पण मी आत कुठून येणार होते?

(नवरा तिच्या बाजूचं बंद दार आतून ढकलून बघतो.)

नवरा : आई गं!

बायको : स्टुलावर चढून वरूनच तर यायची मी.

नवरा : तुझ्या बाजूनं वारा शिरू नये म्हणून दोनदा उसवून पुन्हा ताणलं गं मी. शिवण बघितली, फट बघितली. तू आत कशी येणार तेवढं सोडून सगळं बघितलं! माझ्यासारखा अकलेचा कांदा शोधून सापडायचा नाही.

बायको : मला तर न शोधता मिळाला. काढा ते खटके.

नवरा : सुरकुती पडेल. नेमकी तुझ्या डोक्यावर.

बायको : पडू दे.

नवरा : एवढ्या दिवसांची मेहनत आहे.

बायको : माझ्यासाठीच केलीत ना? मग मीच सांगतेय, काढा.

नवरा : बरं. तू बाहेरून उचल. हळू... हळू... गेलं! सरकलं बघ कापड.

बायको : सरकू दे. हात द्या इकडे. पाय आधी बाहेर टाका. सांभाळून! उडी नका मारू आता.

नवरा : सुटलो. आता दारं कापायची, नव्या बिजागऱ्या बसवायच्या, कुलपं शोधायची... अख्खा उन्हाळा जाईल गं यात.

बायको : जाऊ दे. फक्त एक करा.

नवरा : बोल.

बायको : घरातली एक खुर्ची इथे आणून टाका. तिकडे एकटीनं बसून फार कंटाळले मी.